ओपनस्ट्रीटमॅपवर केलेला बदल नकाशात दिसत नाही: अडचण नेमकी कुठे शोधावी

मागच्या पावसाळ्यात ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, नोंदी करणाऱ्या जावळी तालुक्यातील एका शिक्षकांचा मला फोन आला. "दादा, वाडी टाकून दोन दिवस झाले, नकाशावर काही येईना. काल पुन्हा टाकली, आज सकाळी परत टाकली. माझंच काही चुकतंय का?" मी साताऱ्यात घरी संगणकावर ती जागा उघडून पाहिली, तेव्हा एकाच नावाच्या तीन वाड्या हातभर अंतराने एकमेकींना चिकटून बसलेल्या होत्या. तिन्ही नोंदी व्यवस्थित साठवल्या गेल्या होत्या आणि त्यातली पहिली तर पहिल्याच दिवशी पोहोचली होती. शिक्षक नकाशा जितक्या लांबून पाहत होते, तितक्या लांबून लहान वस्त्यांची नावे काढलीच जात नाहीत, एवढेच कारण होते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून नव्याने नोंदी करू लागलेल्या मंडळींकडून हीच तक्रार मी निरनिराळ्या रूपांत ऐकत आलो आहे. कोणाचा रस्ता दिसत नाही, कोणाचा तलाव नाहीसा होतो, कोणाच्या गावाचे नाव मोडून येते. लक्षणे वेगवेगळी असली तरी तपासण्याचा क्रम एकच आहे, आणि तो क्रम न पाळता लोक पुन्हा पुन्हा तीच नोंद करतात किंवा बरोबर असलेली नोंद बदलून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्यांनी पायी फिरून, विचारपूस करून गोळा केलेली माहिती त्यातून बिघडते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. एक खुलासा आधीच करतो: टॅग, म्हणजे वस्तू काय आहे हे सांगणाऱ्या ‘नाव = मूल्य’ अशा जोड्या, प्रत्यक्षात लहान रोमन अक्षरांत टंकायचे असतात; येथे मी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

नोंद वेगळी, चित्र वेगळे

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला, तेव्हापासून त्याचा गाभा म्हणजे चित्र नव्हे, तर नोंदींचा साठा आहे. त्या साठ्यात तीनच प्रकारच्या वस्तू असतात: नोड म्हणजे एक बिंदू, वे म्हणजे बिंदू जोडून झालेली रेघ किंवा बंद आकार, आणि रिलेशन म्हणजे अशा अनेक वस्तूंचा एकत्रित गट. यांना टॅग लावता येतात आणि ती वस्तू काय आहे हे त्या टॅगवरूनच ठरते. संकेतस्थळ उघडल्यावर दिसणारे रंगीत चित्र हे या साठ्यावरून नंतर, वेगळ्या संगणकांवर, वेगळ्या नियमांनी तयार होते. तलाठी कार्यालयातील सातबाऱ्यावर फेरफार नोंदवला गेला म्हणून भिंतीवर टांगलेला गावनकाशा त्याच क्षणी बदलत नाही. येथेही तसेच आहे.

त्यामुळे बदल दिसत नाही असे वाटले की पहिला प्रश्न हाच विचारावा: नोंद साठ्यात आहे का? हे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. संकेतस्थळाच्या उजव्या कडेला प्रश्नचिन्ह असलेला बाण आहे. तो निवडून त्या जागेवर क्लिक केले की आसपासच्या वस्तूंची यादी येते, आणि तुमची वस्तू त्या यादीत असेल तर ती साठ्यात आहे. दुसरा मार्ग असा की, स्तरांच्या फलकात नकाशाचा डेटा दाखवणारी खूण करावी. मग चित्रावर निळ्या रेघा आणि ठिपके उमटतात. हे ठिपके थेट साठ्यातून येतात, टाइलमधून, म्हणजे तयार चित्राच्या तुकड्यांतून नाही. मात्र त्यासाठी नकाशा पुरेसा जवळ आणावा लागतो, कारण लांबून पाहताना माहिती इतकी जास्त असते की ब्राउझर ती पेलू शकत नाही.

यादीत वस्तू नसेल, तर बहुतेक वेळा ती अपलोडच झालेली नसते. आयडी या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संपादकात काढलेली रेघ पडद्यावर दिसत राहते, त्यामुळे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात सेव्ह दाबून, टिप्पणी लिहून, अपलोड पूर्ण होईपर्यंत ती फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये असते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी त्याच ब्राउझरमध्ये आयडी उघडल्यावर न साठवलेले बदल परत आणायचे का, असे तो विचारतो. तेथे घाईने नाही म्हणू नये. खाजगी विंडोत काम केले असेल आणि ती बंद झाली असेल, तर मात्र ते बदल गेलेच. याशिवाय आणखी एक गैरसमज मी वारंवार पाहिला आहे: काही जण नकाशावर टीप सोडतात, म्हणजे "येथे शाळा आहे" असे लिहून ठेवतात आणि शाळा दिसण्याची वाट पाहतात. टीप हा इतर स्वयंसेवकांसाठीचा निरोप असतो. कोणीतरी ती वाचून प्रत्यक्ष नोंद करीपर्यंत नकाशात काहीही बदलत नाही.

अपलोड झाले होते आणि तरीही वस्तू नाही, असे असेल तर तुमच्या खात्यातील चेंजसेट, म्हणजे एका वेळी अपलोड केलेल्या बदलांचा गठ्ठा, उघडावा. त्यात तुमची वस्तू दिसेल, आणि तिचा इतिहास पाहिल्यावर नंतर कोणी ती हलवली, बदलली की काढून टाकली हेही कळेल. कोणी काढली असेल तर पुन्हा टाकण्याआधी त्यांच्या चेंजसेटवर नम्रपणे कारण विचारावे. अनेकदा त्यांना जुन्या छायाचित्रात ती वस्तू दिसलेली नसते, आणि आपण प्रत्यक्ष जाऊन पाहिले आहे असे सांगितले की प्रश्न मिटतो.

टाइल, झूम आणि वाट पाहणे

नोंद साठ्यात आहे, चित्रात नाही, अशी स्थिती असेल तर पुढचा संशय टाइलवर घ्यावा. संकेतस्थळाचा नेहमीचा नकाशा २५६ बाय २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइल जोडून तयार होतो. झूम शून्यावर सगळे जग एका टाइलमध्ये मावते आणि प्रत्येक पुढच्या पातळीला एका टाइलच्या चार होतात. झूम १४ वर साताऱ्याचा अजिंक्यतारा ज्या टाइलमध्ये येतो, तिचा पत्ता १४/११५५९/७३७४ असा आहे: आधी झूम, मग पश्चिमेकडून पूर्वेकडे मोजलेला स्तंभ, मग उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजलेली ओळ. आपल्या अक्षांशावर या टाइलची बाजू जमिनीवर सुमारे २.३ किलोमीटर भरते. झूम १९ वर तीच बाजू सुमारे ७३ मीटर होते, आणि त्या एकाच पातळीवर जगाच्या टाइलची संख्या २७ हजार कोटींच्या पुढे जाते. इतक्या टाइल कोणी आधीच काढून ठेवू शकत नाही. कोणीतरी ती जागा पाहायला गेले की टाइल काढली जाते, साठवून ठेवली जाते, आणि पुढच्याला तीच दिली जाते.

यातून तीन ठिकाणी जुने चित्र अडकून राहू शकते. पहिले ठिकाण तुमचा स्वतःचा ब्राउझर. संगणकावर कंट्रोल आणि शिफ्ट धरून आर दाबावे. मोबाइलवर तीच जागा खाजगी विंडोत उघडावी. तेथे बदल दिसला, तर बाकी सर्व ठीक आहे. दुसरे ठिकाण मधले वितरण सर्व्हर, जे जगभर टाइलच्या प्रती ठेवतात. तिसरे ठिकाण खुद्द टाइल काढणारा सर्व्हर, जेथे तुमच्या बदलानंतर ती टाइल शिळी झाली अशी नोंद होते आणि तिची पाळी येताच ती नव्याने काढली जाते. जवळच्या झूमवर हे बहुधा काही मिनिटांत होते, सर्व्हरवर ताण असेल तर अधिक वेळ लागतो. लांबच्या झूमची गोष्ट वेगळी आहे. जिल्हा किंवा राज्य एका नजरेत दिसेल अशा टाइल काढायला फार माहिती ओढावी लागते, म्हणून त्या क्वचितच नव्याने काढल्या जातात, आणि तेथे दिवस किंवा आठवडे लागले तरी त्यात दोष काहीच नसतो.

टाइलचे चित्र तिच्या पत्त्यावरून वेगळ्या टॅबमध्ये उघडता येते. त्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन स्टेटस हा शब्द जोडला की ती टाइल केव्हा काढली गेली ते कळते, आणि त्याच जागी डर्टी हा शब्द जोडला की ती पुन्हा काढण्यासाठी रांगेत लागते. हा उपाय एखाद्या हट्टाने जुन्याच राहिलेल्या टाइलसाठी आहे. संपूर्ण तालुक्याच्या टाइल अशा रांगेत लावू नयेत. ते सर्व्हर देणग्यांवर चालतात आणि जगभरचे स्वयंसेवक ते वापरतात.

नावाचा अर्धाच भाग दिसणे, म्हणजे कोरेगावपैकी एका टाइलवर "कोरे" आणि शेजारच्या टाइलवर काहीच नाही, हेही याच कारणाने घडते. सर्व्हर एका वेळी आठ बाय आठ टाइलचा गट काढतो. शेजारचे दोन गट वेगवेगळ्या वेळी काढले गेले असतील, तर त्यांच्या सीमेवर नवे चित्र आणि जुने चित्र एकमेकांना भिडतात आणि तेथे येणारे नाव कापले जाते. दुसरा गट नव्याने निघाला की ते आपोआप जुळते. नाव हलवून पाहण्याची काही गरज नसते.

चित्रात येणे आणि न येणे हे नियमांवर असते

टाइल ताजी आहे, नोंदही आहे, तरीही वस्तू नाही; अशा वेळी झूम वाढवत जावे. प्रत्येक प्रकारची वस्तू कोणत्या झूमपासून काढायची हे नकाशाच्या शैलीत, म्हणजे चित्र काढण्याच्या नियमांत, ठरलेले असते. ‘प्लेस = व्हिलेज’ असे गाव ‘प्लेस = हॅम्लेट’ अशा वाडीच्या आधी दिसू लागते, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ तर अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. शिवाय जागेची टंचाई असते. साताऱ्यात पोवई नाक्यासारख्या गजबजलेल्या ठिकाणी दुकाने, बँका, दवाखाने यांची नावे एकमेकांवर येऊ लागली की शैली त्यातली काही गाळते. झूम वाढवल्यावर जागा होते आणि ती दिसू लागतात.

येथेच सर्वांत मोठा मोह होतो, आणि त्याबद्दल मला जरा थांबून बोलायचे आहे. वाडी दिसत नाही म्हणून तिला ‘टाउन’ म्हणायचे, गावातल्या शाळेचे नाव ठळक यावे म्हणून तिच्यावर वस्तीचा टॅग लावायचा, गल्ली लांबून दिसावी म्हणून तिला राज्यमार्ग करायचे. चित्र मनासारखे होते, पण नोंद खोटी होते. या नोंदींवरून कितीतरी गोष्टी चालतात: वाट दाखवणारी ॲप, शोध, आपत्तीच्या वेळी छापले जाणारे नकाशे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा कोणती वस्ती नेमकी कुठे आहे आणि तिथपर्यंत कोणता रस्ता जातो हे प्रश्न किती निकडीचे असतात हे आपल्या भागाने पाहिले. अशा वेळी डोंगराच्या कुशीतली वीस घरांची वाडी शहर म्हणून नोंदलेली असेल, किंवा एकाच वाडीच्या तीन नोंदी असतील, तर तो नकाशा हातात घेणाऱ्याची दिशाभूल होईल. चित्रासाठी नोंद वाकवू नये, हा या कामातला जुना दंडक आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो.

कधी दोष खरोखर टॅगमध्ये असतो. आयडी तयार यादीतून प्रकार निवडू देतो, म्हणून तेथे चुका कमी होतात. पण जेओएसएम (संगणकावरचा संपादक) किंवा व्हेस्पुची (फोनवरचा संपादक) वापरताना टॅग हाताने लिहिला की फोन पहिले अक्षर मोठे करतो, किंवा शब्दामागे एक रिकामी जागा राहते. संगणकाला तो वेगळाच टॅग वाटतो आणि शैली त्याच्याकडे दुर्लक्ष करते. देऊळ नोंदवताना ‘ॲमेनिटी = टेंपल’ असे स्वतःच्या मनाने लिहिणारे बरेच आढळतात. योग्य टॅग ‘ॲमेनिटी = प्लेस ऑफ वर्शिप’ असा, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन, आणि सोबत ‘रिलिजन = हिंदू’ असा आहे; तो लावला की देवळाचे चिन्ह उमटते. काही टॅग मात्र बरोबर असूनही वेगळे दिसत नाहीत. वाळवा किंवा पलूस भागातल्या उसाच्या शेताला ‘लँडयूज = फार्मलँड’ आणि ‘क्रॉप = शुगरकेन’ लावला, तर नकाशावर साधे शेतच दिसते, ऊस असा फरक चित्रात येत नाही. तासगावची द्राक्षबाग मात्र ‘लँडयूज = व्हिनयार्ड’ म्हणून नोंदली की तिच्या खुणेने वेगळी ओळखू येते. उसाची नोंद म्हणून निरर्थक ठरत नाही. ती साठ्यात असते आणि ज्याला हवी तो ती वापरू शकतो.

एका आकारावर दुसरा आकार असेल, तर नेहमीची शैली मोठा खाली आणि लहान वर काढते. त्यामुळे शेताच्या मोठ्या आकारात काढलेली बाग दिसते. पुलांबाबत एक सूचना: सांगलीच्या आयर्विन पुलासारखा पूल असेल तर पुलाचा तेवढाच भाग तोडून त्याला ‘ब्रिज = येस’ आणि ‘लेयर = १’ (म्हणजे एक पातळी वर) लावावा. संपूर्ण नदीला उणे एक लेयर देऊन संपादकाच्या सूचना बंद करणे चुकीचे आहे.

तलाव नाहीसा होतो तेव्हा

सगळ्यांत जास्त घाबरवणारी तक्रार हीच असते. काल नकाशावर निळा तलाव होता, आज तेथे नुसती कोरी जमीन आहे, आणि कोणी काही काढल्याचे आठवत नाही.

याचे कारण समजण्यासाठी एक मर्यादा माहीत असावी लागते. एका वेमध्ये जास्तीत जास्त २,००० नोड बसतात. कोयनेचा शिवसागर जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलेला आहे आणि त्याचा काठ प्रत्येक खोऱ्यात शिरून बाहेर येतो. असा काठ एका रेघेत मावत नाही. म्हणून तो अनेक वेमध्ये काढून, त्या सर्वांना मल्टिपॉलिगन प्रकारच्या रिलेशनमध्ये एकत्र करतात. बाहेरच्या काठाच्या तुकड्यांना आउटर ही भूमिका असते, मधल्या बेटांना इनर. बाहेरचे तुकडे टोकाला टोक जोडून पूर्ण बंद वळे झाले, तरच आतला भाग निळा रंगवता येतो. एक तुकडा जरी गळाला, तरी पाणी नेमके कोणत्या बाजूला आहे हे यंत्राला सांगता येत नाही, आणि ते अख्खा आकारच सोडून देते.

माण तालुक्यातल्या एका पाझर तलावाचे असेच झाले होते. तलाव लहान, मध्ये मंदिर असलेला उंचवटा, म्हणून रिलेशन केलेले. एका ताईंनी बांधावरून जाणारी वाट काढताना काठाची रेघ बांधाच्या दोन्ही टोकांना तोडली, मधला तुकडा वेडावाकडा वाटला म्हणून काढला आणि त्या जागी नवी, अधिक रेखीव रेघ काढली. त्यांचे काम दिसायला उत्तम होते. पण नवी रेघ रिलेशनची सदस्य नव्हती. जुनी गेली, नवी आत आली नाही, वळे बांधापाशी उघडे राहिले. काही मिनिटांनी टाइल नव्याने निघाली आणि तलाव नकाशावरून गेला. त्यांना वाटले आपण तलाव पुसला. प्रत्यक्षात पाण्याच्या नोंदीचा एकही टॅग गेला नव्हता. आयडीमध्ये नवी रेघ निवडून, रिलेशनच्या भागात जुन्या तलावाचे रिलेशन जोडून, भूमिका आउटर लिहिली, आणि अपलोड केले. तलाव परत आला.

अशा दुरुस्तीसाठी जेओएसएममधील तपासनीस फार उपयोगी पडतो. रिलेशन उघडल्यावर सदस्यांच्या यादीशेजारी वळे कुठे तुटले आहे ते जोडणीच्या खुणेने दिसते. पुढच्या वेळी हा प्रसंग येऊ नये म्हणून काठाचा तुकडा काढून नवा काढण्यापेक्षा त्याचेच नोड हलवावेत. रिलेशन तसेच राहते आणि आधीच्या मंडळींच्या कामाचा इतिहासही टिकतो.

दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत येथे, आणखी एक प्रश्न येतो. तलाव आणि ओढे वर्षातले बरेच महिने कोरडे असतात. त्यांना ‘इंटरमिटंट = येस’ लावला की तलाव सलग निळ्याऐवजी वेगळ्या पोताने आणि ओढा तुटक रेघेने दिसतो. हे चित्र बिघडल्याचे लक्षण नाही, जमिनीवरची खरी स्थिती आहे.

नावे मोडून येतात तेव्हा

आपल्या जिल्ह्यांत अक्षरांचा प्रश्न खास आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे कऱ्हाड. यातला अर्धा र आडव्या चंद्रकोरीसारखा, ह च्या डावीकडे असतो. तो बरोबर येण्यासाठी युनिकोडमधील (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीतील) नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह, असा क्रम लागतो. साधा र, हलन्त आणि ह टंकले तर रफार ह च्या डोक्यावर चढतो आणि ‘कर्हाड’ असे होते. तिसरी पद्धत जुनी आहे: साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह. हे पडद्यावर अगदी पहिल्यासारखे दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने तो वेगळा शब्द असतो. काही मोबाइल कळफलक हे जोडचिन्ह न सांगता घालतात. नाव डोळ्यांना ठीक दिसते आणि नेमक्या शब्दाने यादी काढताना मात्र ते हाती लागत नाही, असे झाले तर हेच तपासावे. नाव सगळे पुसून, चांगल्या मराठी कळफलकाने पुन्हा टंकणे हाच सरळ उपाय आहे. दऱ्या, पायऱ्या, शेऱ्या अशा शब्दांची ठिकाणे आपल्या डोंगराळ भागात भरपूर आहेत, म्हणून ही सवय लावून घ्यावी.

मात्रेखाली तुटक रेषेचे वर्तुळ दिसले, तर मात्रा आपल्या अक्षरापासून तुटलेली आहे, बहुधा मध्ये रिकामी जागा आहे. नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसला, तर मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमधून, एखाद्या जुन्या पत्रिकेतून किंवा यादीतून, तसाच चिकटवलेला आहे. तो रूपांतरित करून किंवा हाताने टंकून घ्यावा लागतो.

सांगलीतला ल आणि शिराळ्यातला श हिंदी वळणाचे दिसतात, ही तक्रार मला फार जवळची आहे. मराठी आणि हिंदी वळणांना युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे. वळण फाँट ठरवतो, आणि मराठी वळण वापरण्यासाठी मजकूर मराठी आहे असे त्याला सांगावे लागते. जगाचा एकच नकाशा काढताना ते सांगितले जात नाही. त्यामुळे नाव पुन्हा टंकून हे सुटणार नाही, त्यात वेळ घालवू नये.

मराठी नाव लिहूनही नकाशावर रोमनच दिसते, याचेही कारण साधे आहे. नेहमीची शैली फक्त ‘नेम’ हा टॅग दाखवते. ‘नेम’ पुढे अपूर्णविराम देऊन मराठीचा संकेत लिहिलेला टॅग ती दाखवत नाही. मात्र भाषा निवडू देणारी ॲप तोच टॅग दाखवतात. म्हणून मराठी टॅग अवश्य भरावा, आणि मूळ ‘नेम’ सरसकट बदलण्याआधी आपल्या भागातील इतर नोंदकर्त्यांशी बोलून घ्यावे. एकाच ‘नेम’ मध्ये तिरकी रेघ देऊन दोन लिप्या भरू नयेत.

संपादकातील पार्श्वभूमी

कधी नोंद आणि टाइल दोन्ही ठीक असतात, पण संपादकात मागचे उपग्रह छायाचित्रच येत नाही. बहुतेक वेळा तुम्ही त्या पुरवठादाराच्या छायाचित्राच्या क्षमतेपेक्षा जवळ गेलेले असता. दोन पायऱ्या मागे यावे किंवा आयडीत बी दाबून दुसरी पार्श्वभूमी निवडावी. जेओएसएममध्ये नेटवर्क तुटल्यामुळे काही चौकोन लाल अक्षरांच्या संदेशासह रिकामे राहतात. त्या स्तरावर उजवी कळ दाबून चुकलेल्या टाइल पुन्हा मागवता येतात.

सरकलेली पार्श्वभूमी हा अधिक धोक्याचा प्रकार आहे, कारण ती चुकीची आहे हे कळत नाही. उपग्रह तिरक्या कोनातून पाहतो आणि डोंगराच्या उंचीची दुरुस्ती पूर्ण होत नाही; त्यामुळे खंबाटकी किंवा कास पठाराकडे जाणाऱ्या चढावर रस्ता प्रत्यक्षापेक्षा काही मीटर बाजूला दिसू शकतो, आणि हे अंतर दरीत एक, माथ्यावर दुसरे असते. इतरांनी चढवलेले जीपीएस माग, म्हणजे फिरताना यंत्राने नोंदलेल्या वाटा, सुरू करून पाहावे. अनेक माग एका रेषेत जात असतील आणि छायाचित्र बाजूला असेल, तर छायाचित्र सरकवून जुळवावे. आधीचे सगळे रस्ते छायाचित्राप्रमाणे हलवू नयेत.

छायाचित्र केव्हाचे आहे हेही पाहावे. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात कृष्णा सांगलीच्या वस्तीत शिरली होती. पावसाळ्यातल्या छायाचित्रावरून नदीचा काठ काढला, तर पूर हाच नदीचा कायमचा आकार होऊन बसतो. काठ नेहमीच्या पात्राचा काढावा.

दुसऱ्या ॲपमध्ये दिसत नाही

ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमअँड यांसारखी ॲप माहिती आधी फोनवर उतरवून घेतात. तुमचा बदल त्यांच्या पुढच्या प्रतीत येतो आणि ती प्रत तुम्ही स्वतः अद्ययावत करावी लागते. संकेतस्थळावरचे सायकल, वाहतूक इत्यादी इतर स्तरही आपापल्या वेळेने ताजे होतात. नेहमीच्या स्तरावर बदल दिसला असेल तर पुढे फक्त थांबायचे असते.

मदत मागताना

एवढे करूनही सुटले नाही, तर जाणकारांना विचारताना "दिसत नाही" एवढेच लिहू नये. वस्तूचा प्रकार आणि क्रमांक, चेंजसेटचा क्रमांक, अपलोडची वेळ, कोणता स्तर पाहत आहात, झूम किती आहे, आणि पडद्याचे एक चित्र, इतके दिले की समोरचा माणूस दोन मिनिटांत कारण सांगू शकतो. यातले झूम सांगायचे हमखास राहते. ते ब्राउझरच्या पत्त्यात मॅप या शब्दानंतरचा पहिला आकडा असते.

जावळीच्या शिक्षकांना मी हेच विचारले. त्यांच्या पत्त्यात तो आकडा ११ होता. तीन नोंदींपैकी सर्वांत जुनी ठेवून, नंतरच्या दोन्हींत काही अधिक माहिती नाही ना हे पाहून, त्या त्यांनी स्वतः काढल्या. मग फोन चालू असतानाच आकडा वाढवत ते १६ पर्यंत गेले आणि म्हणाले, "आली दादा, ओढ्याच्या अलीकडं आहे. पण शाळा पलीकडं हवी, ती मी उद्या जाऊन बघून येतो."